विश्लेषण : लिंक पाठवली पानाची, उघडले मुखपृष्ठ! ‘फ्रेम’चा तीस वर्षांपूर्वीचा घोळ अजून का छळतो?

महाविद्यालयीन प्रवेशाचे दिवस. एक विद्यार्थिनी मोबाइलवर संस्थेचे संकेतस्थळ उघडते. मेन्यूतून ‘प्रवेश’, त्यातून ‘गुणवत्ता यादी’, त्यातून आपली शाखा, अशी वाट काढत ती नेमक्या यादीपर्यंत पोहोचते. वरची लिंक कॉपी करते आणि मैत्रिणींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकते. मैत्रिणी ती उघडतात तेव्हा समोर येते मुखपृष्ठ : इमारतीचा फोटो, अध्यक्षांचे मनोगत आणि सरकत्या सूचना. ‘यादी कुठे आहे गं?’, ‘अगं, आधी मेन्यूत जा, मग...’ अशी दहा-बारा मेसेजची देवाणघेवाण होते आणि शेवटी कुणी तरी स्क्रीनशॉट टाकते.

लिंक कॉपी करताना तिची काहीच चूक झालेली नाही. त्या पानाला स्वतःचा पत्ताच नाही, तर ती पाठवणार काय? संकेतस्थळात फिरण्यासाठी मेन्यू कसा बांधायचा, या वरकरणी निव्वळ तांत्रिक वाटणाऱ्या प्रश्नाचे हे फळ आहे. ‘एचटीएमएल फ्रेम’ नावाच्या सोयीने १९९६ च्या सुमारास हा घोळ पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर घातला. ती सोय केव्हाच मोडीत निघाली. तिच्यामागचा विचार मात्र अजून ठणठणीत आहे.

फ्रेम म्हणजे नेमके काय?

टिम बर्नर्स-ली यांनी ‘सर्न’ या प्रयोगशाळेत वेबची जुळणी केली, तेव्हा त्यामागचा करार साधा होता. एक पान, एक पत्ता. तो पत्ता ज्याच्या हाती पडेल त्याला तेच पान दिसले पाहिजे. कुणाची परवानगी नको, कुठून वळायचे हे सांगायला नको. वेब वाढले ते या करारावर.

नेटस्केप कंपनीच्या नेव्हिगेटर या ब्राउझरची २.० ही आवृत्ती मार्च १९९६ मध्ये पूर्ण स्वरूपात बाहेर आली. तिने दोन गोष्टी आणल्या. एक जावास्क्रिप्ट, जिच्यावर आजचे वेब उभे आहे. दुसरी फ्रेम. फ्रेमने ब्राउझरच्या खिडकीची वाटणी करता येऊ लागली. डावीकडे २० टक्के जागेत मेन्यू, उजवीकडे ८० टक्के जागेत मजकूर, ही त्या काळातली सर्वांत लोकप्रिय मांडणी. काही जण वरच्या बाजूला संस्थेच्या बोधचिन्हाची तिसरी पट्टीही ठेवत.

यातली गोम अशी की, मुख्य फाइलमध्ये मजकूर असा काही नसेच. ‘फ्रेमसेट’ नावाच्या त्या फाइलमध्ये फक्त वाटणीपत्र असे : डाव्या खणात अमुक फाइल आणा, उजव्या खणात तमुक. म्हणजे पडद्यावर एक पान दिसावे म्हणून किमान तीन फाइली लागत. प्रत्येक खणाला नाव दिलेले असे आणि मेन्यूतल्या प्रत्येक लिंकला ‘टार्गेट’ सांगावे लागे, की नवे पान या नावाच्या खणात उघड. वाचकाने मेन्यूत ‘संपर्क’ दाबले की डावी बाजू जागची हलत नसे, उजवीकडचा मजकूर तेवढा बदले.

आणि वरची पत्त्याची पट्टी? तीही हलत नसे. तिथे वाटणीपत्राचा पत्ता असे, तो तसाच राही. उजवीकडे पन्नास पाने येऊन गेली तरी पत्ता एकच. पत्रावर सोसायटीचे नाव घालावे आणि विंग व फ्लॅट क्रमांक लिहूच नये, असा हा प्रकार. वॉचमनला विचारत फिरायची जबाबदारी येणाऱ्याची.

मग लोकांना ती इतकी का आवडली?

कारण तिने खरा त्रास वाचवला, हे मान्यच करावे लागेल. त्या काळी बहुतेक संकेतस्थळे हाताने लिहिलेली असत. पन्नास पानांचे संकेतस्थळ असेल तर मेन्यूही पन्नास ठिकाणी चिकटवलेला. त्यात एक ओळ वाढवायची म्हणजे पन्नास फाइली उघडा, बदला, पुन्हा सर्व्हरवर चढवा. त्यातली एखादी राहून जाणारच. फ्रेममुळे मेन्यूची फाइल एकच झाली. एकदा बदलली की काम झाले. हौशी मंडळी, प्राध्यापक, छोट्या संस्था यांच्यासाठी ही मोठीच सुटका होती.

दुसरे कारण वेगाचे दिले जाई. २८.८ केबीपीएसचा मोडेम सेकंदाला जेमतेम साडेतीन किलोबाइट आणत असे. मेन्यूतल्या रंगीत बटणांची चित्रे २० किलोबाइटची धरली तर तेवढ्यालाच पाच-सहा सेकंद. दर पानाला ती पुन्हा कशाला आणायची? युक्तिवाद बिनतोड वाटतो, पण अर्धाच खरा होता. एकदा आणलेली चित्रे ब्राउझर तेव्हाही साठवून ठेवत असत.

तिसरे कारण, मजकूर कितीही खाली सरकवला तरी मेन्यू नजरेसमोर राहतो. याची किंमत मात्र जागेत मोजावी लागे. ६४० बाय ४८० च्या पडद्यावर २० टक्के म्हणजे १२८ पिक्सेल कायमचे गेले. हेच गणित आजच्या साधारण ३६० पिक्सेल रुंदी मोजणाऱ्या मोबाइलवर मांडले तर मेन्यूच्या वाट्याला ७२ पिक्सेल येतात. त्यात ‘शासननिर्णय’ हा एक शब्द बसवतानाही मारामार. मोबाइलवर मेन्यू तीन आडव्या रेघांच्या चिन्हामागे लपला तो याच अडचणीपायी. ते चिन्हही नवे नाही. नॉर्म कॉक्स यांनी ते १९८१ च्या ‘झेरॉक्स स्टार’ या संगणकासाठी काढले होते.

या तिन्ही कारणांत एक गोष्ट समान आहे. सोय झाली ती प्रामुख्याने संकेतस्थळ बनवणाऱ्याची. वाचकाला मिळाला एक स्थिर मेन्यू, आणि त्या बदल्यात त्याच्याकडून काय काढून घेतले गेले, हे त्याला हळूहळू कळत गेले.

वाचकाचे काय गेले?

पहिला फटका बसला ‘बॅक’ बटणाला. नेव्हिगेटर २.० मध्ये फ्रेमच्या आत चार पाने पुढे जाऊन ‘बॅक’ दाबले की वाचक मागच्या पानावर न जाता त्या संकेतस्थळाच्याच बाहेर फेकला जाई. एक पाऊल मागे जायला उजवे क्लिक करून वेगळा पर्याय निवडावा लागे. नेटस्केपने ३.० आवृत्तीत ही चूक सुधारली, पण तोवर लोकांचा त्या बटणावरचा भरवसा डळमळला होता. ‘कृपया बॅक बटण दाबू नका’ ही सूचना आजही पैसे भरण्याच्या पानांवर दिसते. तिची कारणे निराळी आहेत, तरी वृत्ती तीच : यंत्रणेची अडचण वाचकाने सांभाळून घ्यावी.

दुसरा फटका बुकमार्कला. आवडलेले पान खूण करून ठेवावे आणि आठवड्याने उघडावे, तर मुखपृष्ठ. प्रिंट काढायला जावे, तर ज्या खणात शेवटचे क्लिक झाले तेवढाच छापून येई. कैकदा कागदावर नुसता मेन्यूच.

सर्वांत विचित्र गत झाली ती शोधयंत्रांमुळे. शोधयंत्राला वाटणीपत्रात वाचण्यासारखे काही सापडत नसे, म्हणून ते आतल्या फाइली सुट्या सुट्या वाचून नोंदवत असे. शोध घेणारा थेट त्या सुट्या फाइलवर येऊन पडे. मजकूर हवा तो, पण भोवती मेन्यू नाही, संस्थेचे नाव नाही, मुखपृष्ठाकडे जायची वाट नाही. इंग्रजीत अशा पानांना ‘अनाथ’ म्हणत, आणि शब्द चपखल होता. यावर उपाय म्हणून अनेकांनी पानात जावास्क्रिप्टच्या दोन ओळी घातल्या : हे पान एकटे उघडले गेले असेल तर वाचकाला मुख्य चौकटीत नेऊन बसव. चौकट उघडली की उजव्या खणात काय येई? पुन्हा मुखपृष्ठाचा मजकूर. म्हणजे शोधून नेमके पान सापडलेल्या माणसाला दारातूनच वळवून पहिल्या पायरीवर आणून सोडायचे. मुखपृष्ठावरून पुन्हा शोध, पुन्हा तेच. आजारापेक्षा औषध जालीम म्हणतात ते हे.

दृष्टिहीन वाचकांची अडचण वेगळीच होती. स्क्रीनरीडर हे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर. ते आधी खणांची नावे सांगे, आणि ती नावे बनवणाऱ्याने आपल्या सोयीने ‘लेफ्ट’, ‘मेन’ अशी ठेवलेली. ‘लेफ्ट’मध्ये काय आहे, हे डोळ्यांनी पाहणाऱ्यालाच ठाऊक. मे १९९९ मध्ये वेबच्या सुगम्यतेची पहिली आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे आली. प्रत्येक फ्रेमला अर्थपूर्ण शीर्षक द्या, हा नियम त्यांत सर्वोच्च प्राधान्याच्या यादीत होता.

तज्ज्ञ तेव्हा गप्प होते का?

मुळीच नाही. वेब वापराचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी १९९६ मध्येच संकेतस्थळांच्या दहा मोठ्या चुकांची यादी केली, त्यात पहिला क्रमांक फ्रेमचा होता. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्यांनी फ्रेमवर स्वतंत्र लेख लिहिला. त्यांचा मुद्दा पडद्याच्या दिसण्याचा नव्हता, तर वेबचा पायाच उखडला जातो, असा होता. एक पान हेच वाचण्याचे, साठवण्याचे आणि पत्ता देण्याचे एकक; फ्रेमने या तिन्हींची ताटातूट केली. लेखाच्या शीर्षकात मात्र त्यांनी ‘बहुतेक वेळा’ अशी सवलत ठेवली होती, हे विशेष.

तरीही डिसेंबर १९९७ च्या एचटीएमएल ४.० या प्रमाणात फ्रेमला अधिकृत स्थान मिळाले. ती तोवर इतकी पसरली होती की नाकारणे अवघड होते. आपल्याकडच्या संगणक अभ्यासक्रमांच्या पुस्तकांतही फ्रेमसेटचा धडा आला आणि व्यवसायातून ती हद्दपार झाल्यावरही बराच काळ मुक्कामाला राहिला. परीक्षेत खिडकीचे तीन भाग करून दाखवा, असा प्रश्न सोडवलेले कित्येक जण आज मोबाइल ॲप बनवत असतील. पत्त्याचे काय होते, हे त्यांना कोणी विचारले नाही.

दुसऱ्याच्या बातम्या, आपली चौकट

फ्रेममध्ये आपलेच पान उघडावे असे बंधन नव्हते. टार्गेट द्यायला विसरले तरी परक्याचे अख्खे संकेतस्थळ त्या ८० टक्क्यांत येऊन बसे. त्याचीही फ्रेम असेल तर चौकटीत चौकट. कुणी हे विसरून करत, कुणी ठरवून.

अमेरिकेतील ॲरिझोनाच्या ‘टोटलन्यूज’ या छोट्या कंपनीने ठरवून केले. मेन्यूत नामांकित वृत्तसंस्थांची नावे, क्लिक केले की त्यांच्या बातम्या टोटलन्यूजच्या चौकटीत, आणि भोवती टोटलन्यूजच्या जाहिराती. फेब्रुवारी १९९७ मध्ये वॉशिंग्टन पोस्ट, सीएनएन, डाऊ जोन्स, टाइम, रॉयटर्स आदींनी न्यूयॉर्कच्या संघराज्य न्यायालयात दावा ठोकला. त्याच वर्षी जूनमध्ये तडजोड झाली. साधी लिंक द्यायला हरकत नाही, चौकटीत दाखवायचे नाही. न्यायालयाचा निकाल आलाच नाही, त्यामुळे कायद्याचा प्रश्न तसाच लोंबकळत राहिला. पण व्यवहारात फरक स्पष्ट झाला. लिंक वाचकाला दुसऱ्याच्या दारात नेऊन सोडते. फ्रेम दुसऱ्याचे घर उचलून आपल्या अंगणात मांडते, आणि पाटीवर नाव आपले.

मग फ्रेम गेली कशी?

कुणी बंदी घातली म्हणून नव्हे. तिची गरज संपली. मेन्यूची फाइल एकच ठेवायची आणि पान वाचकाकडे पाठवण्यापूर्वी सर्व्हरवरच ती आत जोडायची, ही सोय पीएचपीसारख्या भाषांनी सामान्य वेबमास्तरच्या आवाक्यात आणली. पन्नास पाने, एक मेन्यू आणि प्रत्येक पानाला स्वतंत्र पत्ता, तिन्ही एकदम साधले. मेन्यू नजरेसमोर अडकवून ठेवण्याचे काम सीएसएसने उचलले. एचटीएमएल ५ ऑक्टोबर २०१४ मध्ये प्रमाण म्हणून जाहीर झाले, तेव्हा फ्रेमसेट कालबाह्यांच्या यादीत गेला.

तिचे एक भावंड तेवढे उरले : आयफ्रेम. पानाच्या मधोमध दुसऱ्याच्या मजकुराची एक खिडकी. बातमीत दिसणारा यूट्यूबचा व्हिडिओ किंवा दुकानाच्या पानावरचा गुगल नकाशा अनेकदा आयफ्रेममध्येच असतो. तिथे ती योग्यही आहे, कारण परका मजकूर परका म्हणून वेगळा राहतो. तिचाही गैरवापर झालाच. पारदर्शक आयफ्रेम एखाद्या आमिषाच्या बटणावर पांघरायची, म्हणजे वाचक ‘बक्षीस मिळवा’ दाबतो आणि प्रत्यक्षात दुसऱ्याच संकेतस्थळावर ‘मान्य’ दाबले जाते. २००८ मध्ये या फसवणुकीला ‘क्लिकजॅकिंग’ हे नाव मिळाले. पुढल्याच वर्षी ‘आमचे पान कुणाच्याही चौकटीत उघडू नका’ असे ब्राउझरला बजावण्याची सोय आली. आपले पान दुसऱ्या पानात उघडू न देणारी संकेतस्थळे याच सोयीचा आधार घेतात.

गेली की वेश बदलून परतली?

फ्रेमचे वाभाडे काढणे आज सोपे आहे. तिच्या नावाने हसणारे पुढे नेमकी तीच चूक करत राहिले, हे सांगणे जास्त गरजेचे.

२००५ मध्ये ‘एजॅक्स’ हा शब्द रूढ झाला. पान न बदलता आतला मजकूर तेवढा सर्व्हरवरून आणायचा, ही ती पद्धत. वाचकाच्या बाजूने पाहिले तर हे फ्रेमच झाले : मेन्यू स्थिर, मजकूर बदलता, पत्ता तोच. मग पत्त्याला शेपूट जोडून वेळ मारून नेण्याचे प्रयोग झाले. ट्विटरने २०१० मध्ये आपल्या पत्त्यांत हॅश आणि उद्गारचिन्ह आणले. हॅशच्या पुढचा भाग ब्राउझर सर्व्हरला कळवतच नाही. त्यामुळे आधी रिकामा सांगाडा यायचा, मग स्क्रिप्ट धावायची, मग कुठे ट्वीट दिसायचे. दोन वर्षांत, २०१२ मध्ये, ट्विटरने ही पद्धत सोडली आणि साधे पत्ते परत आणले. पान न बदलताही पत्ता रीतसर बदलता येईल, अशी सोय तोवर ब्राउझरमध्ये आलेली होती. आजही आहे. म्हणजे आजच्या एखाद्या संकेतस्थळावर यादीची लिंक मुखपृष्ठ उघडत असेल, तर ती तंत्रज्ञानाची मर्यादा नसते. बनवणाऱ्याने ते काम केलेले नसते आणि काम मंजूर करणाऱ्याने ते तपासलेले नसते.

बातम्यांच्या वाचकाने याचा आणखी एक अवतार अनुभवला आहे. २०१६ पासून गुगलच्या मोबाइल शोधात ‘एएमपी’ची पाने दिसू लागली. बातमी झटकन उघडायची, मात्र वर पत्ता गुगलचा, वृत्तपत्राचा नव्हे. ती फॉरवर्ड केली की गुगलचीच लिंक पुढे जायची. तक्रारी वाढल्यावर २०१७ मध्ये मूळ पत्ता दाखवणारे एक छोटे बटण आले. ‘टॉप स्टोरीज’मध्ये झळकायचे तर एएमपी हवेच, ही अट २०२१ मध्ये सुटली. टोटलन्यूजशी लढायला बड्या वृत्तसंस्था न्यायालयात गेल्या होत्या. या वेळी बहुतेकांनी चौकट आपणहून स्वीकारली, कारण चौकट गुगलची होती आणि वाचक तिच्यातूनच येत होते.

ॲपची गोष्ट तर त्याहून पुढची. तिथे पत्त्याची पट्टीच नाही. ‘शेअर’ बटण बनवणाऱ्याने दिले तर पत्ता, नाही तर स्क्रीनशॉट. काही ई-पेपरही यातून सुटलेले नाहीत. कालच्या अंकातल्या बातमीची लिंक आज आजचा पहिला पान उघडून देते, हा अनुभव वाचकांना नवा नाही.

पत्ता असल्याने काय होते, याचे एक चांगले उदाहरण महाराष्ट्रात रोज वापरात आहे. राज्य सरकारच्या शासन निर्णयाच्या अखेरीस, तो शासनाच्या संकेतस्थळावर उपलब्ध असल्याचे वाक्य असते आणि त्यासोबत एक लांबलचक संकेतांक छापलेला असतो. ग्रामपंचायतीच्या फलकावरची धूसर झेरॉक्स असो की व्हॉट्सॲपवर फिरणारा तिरपा फोटो, त्या आकड्यावरून मूळ निर्णय शोधता येतो आणि खोटा निर्णय पकडताही येतो. मेन्यू कसाही असो, संकेतस्थळ उद्या नव्याने बांधले जावो, संकेतांक निर्णयाला चिकटलेला आहे. कारकुनी वाटणारी ही शिस्त अनेक देखण्या संकेतस्थळांना जमलेली नाही.

मराठीपुरती एक जादा कटकट आहे, तीही नोंदवायला हवी. मराठी विकिपीडियावर प्रत्येक लेखाला स्वतःचा देवनागरी पत्ता आहे. पण तो कॉपी केला की अनेकदा टक्क्यांच्या चिन्हांची माळ हाती येते. देवनागरीतल्या एका चिन्हाची नऊ अक्षरे होतात. ‘पुणे’ या एका शब्दात काना-मात्रा धरून चार चिन्हे, म्हणजे ३६ अक्षरे. लांब नावाच्या लेखाची लिंक पाहून आजोबांना तो व्हायरस वाटला तर नवल नाही. तरीही ती कुरूप माळ उघडल्यावर नेमका तोच लेख येतो. देखण्या, आखूड आणि मुखपृष्ठावर नेणाऱ्या लिंकपेक्षा ती केव्हाही बरी.

फ्रेमच्या बाजूने काहीच बोलता येणार नाही?

येईल, आणि ते बोलले पाहिजे. नील्सन यांची ‘बहुतेक वेळा’ ही सवलत उगाच नव्हती. जावा या संगणकभाषेची संदर्भपाने वर्षानुवर्षे तीन फ्रेममध्ये होती. डावीकडे दोन खणांत हजारो नावांची सूची, उजवीकडे निवडलेल्या नावाची माहिती. जाडजूड कोश मांडीवर आणि त्याची सूची टेबलावर उघडी, असे ते वाचन. प्रोग्रामर मंडळींना ते मनापासून आवडे. या पानांनी फ्रेमची खोडही ओळखली होती. प्रत्येक पानावर फ्रेमसह आणि फ्रेमविना असे दोन्ही पर्याय होते, आणि आतल्या पानाचे नाव मुख्य पत्त्यात जोडण्याची सोय होती. २०१७ च्या जावा ९ मध्ये पानांतच शोधण्याची पेटी आली. मग सूची न्याहाळायची गरज उतरली आणि पुढच्या आवृत्त्यांत फ्रेम गेल्या. सुखाने निवृत्त झालेल्या थोड्या फ्रेमपैकी त्या असाव्यात.

वेबची प्रमाणे ठरवणाऱ्या ‘डब्ल्यूथ्रीसी’मध्येही २००२ साली ‘एक्सफ्रेम्स’ नावाचा मसुदा आला होता. कोणत्या खणात कोणते पान उघडे आहे, ते सगळे पत्त्यातच लिहायचे, ही त्याची कल्पना. म्हणजे विंग आणि फ्लॅट क्रमांकासह पूर्ण पत्ता. ब्राउझर कंपन्यांनी त्यात रस दाखवला नाही आणि मसुदा कागदावर राहिला. पण त्याने एक गोष्ट सिद्ध केली. खिडकीचे भाग पाडणे हा गुन्हा नव्हता, पत्ता गिळणे हा होता.

वाचकाने काय करावे?

ज्यांच्याकडून लोक माहिती घेतात त्या संस्थेचे, पालिकेचे, शाळेचे संकेतस्थळ नवे झाले की एक मिनिटाची चाचणी कुणालाही करता येते. मेन्यूतून तीन पायऱ्या आत जायचे, लिंक कॉपी करायची आणि ती दुसऱ्याच्या फोनवर उघडायची. मुखपृष्ठ आले तर तक्रारीत ‘साइट चालत नाही’ असे लिहू नये. साइट चालते, असे उत्तर येते. ‘आतल्या पानांना स्वतंत्र पत्ता नाही’ असे लिहावे. निविदेत हीच एक ओळ अट म्हणून घातली तर नव्या बांधणीत तिचा खर्च नगण्य असतो. काम झाल्यावर घालायची म्हटली तर बराचसा भाग पुन्हा लिहावा लागतो.

जुनी फ्रेमची संकेतस्थळे मात्र अजूनही उघडतात. प्रमाणाने ती बाद ठरवली तरी ब्राउझरनी ती दाखवणे थांबवलेले नाही, आणि एखाद्या अभ्यासकाचे १९९८ मधले काम तसेच वाचता येते, हे चांगलेच आहे. तिथल्या आतल्या पानाची लिंक हवी असेल तर संगणकावर फायरफॉक्समध्ये ते उघडून मजकुरावर उजवे क्लिक करावे आणि फ्रेमच्या पर्यायांतून फक्त तीच फ्रेम दाखवण्याचा पर्याय निवडावा. चौकट नाहीशी होते आणि त्या पानाचा खरा पत्ता वरच्या पट्टीत येतो. तो कॉपी करून ग्रुपवर टाकता येतो.